कोल्ही मारून संपत नसतात, अमेरिकेनं शंभर वर्षं करून बघितलंय

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रात एका भल्या माणसानं लिहिलंय की नदीकाठच्या गावांत कोल्ह्यांचा सुळसुळाट झालाय, फॉरेस्टवाले झोपा काढतात, शेतकऱ्याला मारायची परवानगी द्या, एकदाच सगळी साफ करून टाकू. ते कात्रण आमच्या गावच्या ग्रुपवर आलं आणि दोन दिवस नुसता धुरळा. कोण म्हणतंय विष घाला, कोण म्हणतंय बंदुकीचं लायसन काढा, एका पठ्ठ्यानं तर डुकरासाठी ठेवतात तसले गावठी बॉम्ब ठेवायची आयडिया दिली आणि त्याला खाली ढीगभर अंगठे आले. गावठी बॉम्बचं तर सोडाच, त्यात कोल्ह्याआधी गावातली कुत्री आणि एखादं पोरगं जाईल.

मी काय प्राणीमित्र वगैरे नाही. करवीर तालुक्यात नदीच्या अलीकडं माझा ऊस आहे. कोल्ह्यानं बुडक्यात चावून चोथा केलेला ऊस आणि वर वाळत चाललेला शेंडा मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी शिव्या घालतो, त्यामुळं त्या गृहस्थांचा राग मला कळतो. पण हे जे "एकदाच साफ करून टाकू" आहे ना, ते एका देशानं सरकारी पैशानं, विष घालून, विमानातनं गोळ्या घालून शंभर वर्षं करून बघितलंय आणि त्याचं काय झालं ते आपल्या लोकांना माहीत असावं म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट करून छापलं तरी चालेल, पण मधला भाग कापू नका.

माझा भाचा शिकागोजवळ राहतो. त्याच्या दाराच्या कॅमेऱ्यात रात्री एक जनावर आलं, त्यानं व्हिडिओ पाठवला की मामा आपलं कोल्हं इकडं कुठनं आलं. बघितलं तर खरंच तसंच, तीच तुरुतुरु चाल, तसंच मान खाली घालून इकडंतिकडं बघणं. तो कायोटी. आपल्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंदच म्हणा, अंगानं थोडा थोराड, 9 ते 20 किलोपर्यंत भरतो, राखाडी तांबूस, झुबकेदार शेपूट, आणि खाण्यात कसलाच नखरा नाही. उंदीर, ससे, नाकतोडे, पडलेली फळं, मेलेलं ढोर, मिळेल ते. तेव्हापासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय, घरातली वैतागली आहेत.

तर हा कायोटी 1900 सालापर्यंत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोकळ्या रानात, गवताळ माळावर आणि खाली मेक्सिकोत असायचा. पूर्वेकडं दाट जंगल आणि त्या जंगलात लांडगे आणि प्युमा (बिबट्यासारखं मोठं रानमांजर), तिकडं ह्याची टाप नव्हती. आज हवाई बेटं सोडली तर अमेरिकेचं एक राज्य शिल्लक नाही जिथं तो नाही. वर अलास्का, खाली पनामा, पूर्वेला पार अटलांटिकचा किनारा. जेम्स होडी आणि रोलंड केज या दोन संशोधकांनी 2018 साली जुनी हाडं, जीवाश्म, म्युझियममधले नमुने असं सगळं गोळा करून त्याचा नकाशा मांडला. त्यात निघालं की 1950 च्या दशकापासून ह्याचा मुलूख निदान 40 टक्क्यांनी वाढलाय, आणि त्या खंडातल्या दुसऱ्या कुठल्याही मांसाहारी जनावराचा एवढ्या काळात त्याच्या निम्म्यानंसुद्धा वाढला नाही. आणि हे सगळं कधी, तर सरकार त्याला मारायच्या मागं हात धुऊन लागलेलं असताना!

आता हे झालं कसं. गोरे लोक पूर्वेकडनं वसाहती करत आले, त्यांची मेंढरं, गुरं लांडगा मारायचा, म्हणून लांडग्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं. फास लावले, विष घातलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशाच्या बहुतेक भागातनं लांडगा संपला. पूर्वेकडचा प्युमाही गेला. आणि कायोटीला जगात कुणाची भीती असेल तर ती लांडग्याची. आपल्या इलाख्यात कायोटी सापडला की लांडगे त्याला फाडून टाकतात, बऱ्याच वेळा खात पण नाहीत, नुसतं मारून टाकतात. तो पहारेकरीच माणसानं काढून टाकला. वर जंगल तोडून शेती केली, म्हणजे कायोटीला आवडतं तसं मोकळं रान आपल्या हातानं करून दिलं, त्यात उंदीर-ससे आले, हरणं आली, मेलेली गुरं पडू लागली. एवढं सगळं ताट वाढून ठेवल्यावर तो आला आणि मग बोंब, की कायोटीचं आक्रमण झालं.

हे नुसतं बोलायचं नाही, ह्याचा पुरावा अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कात, म्हणजे तिकडच्या राखीव जंगलात मिळाला. तिथला लांडगा 1920 च्या दशकातच संपवलेला. 1995 ला कॅनडातनं लांडगे आणून परत सोडले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पार्काच्या उत्तर भागातली कायोटी जवळजवळ निम्म्यावर आली. बंदूकवाल्यांना जे एवढ्या वर्षांत जमलं नाही ते काही डझन लांडग्यांनी फुकटात केलं.

पूर्वेकडं सरकायच्या वाटा पण बघण्यासारख्या आहेत. एक टोळी ग्रेट लेक्स नावाच्या मोठ्या सरोवरांच्या वरनं, कॅनडाच्या ओंटारिओतनं गेली. तिथं लांडगे अगदी थोडे उरलेले, त्यांना आपल्या जातीचा जोडीदार मिळेना, मग ते कायोटीबरोबर लागले. त्यातनं जी औलाद निघाली ती मोठी, जबडा दणकट, हरिण मारायच्या ताकदीची. न्यूयॉर्क, मेन ह्या भागात आज जो कायोटी दिसतो त्याच्या रक्तात बराचसा कायोटी, थोडा लांडगा आणि थोडा कुत्रा पण आहे. ही वरच्या वाटेची टोळी खालच्या वाटेनं गेलेल्या बिनमिसळीच्या कायोटीपेक्षा पाचपट वेगानं पसरली असं केज आणि त्याच्या साथीदारांनी 2010 साली दाखवलं. 1970 च्या दशकात ती कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला पोचली आणि 1980 च्या दशकात समुद्र गोठल्यावर बर्फावरनं चालत न्यूफाउंडलंड बेटावर. खालच्या वाटेला तर माणसांनी हातभारच लावला, काही शौकीन लोकांनी शिकारी कुत्र्यांपुढं पळवायला म्हणून कायोटी पकडून आणले आणि ते सुटले. हौस कुणाची आणि भोगायचं कुणी.

तिकडं खाली मध्य अमेरिकेत गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडत गेले तसा तो मागोमाग उतरत गेला. 1981 च्या सुमारास पनामात नोंद झाली, नंतर पनामा कालवा पण ओलांडला, आता पुढं डॅरिएनचं दाट जंगल तेवढं आडवं आहे आणि ते संपलं की दक्षिण अमेरिका. गंमत म्हणजे दक्षिण अमेरिकेतला खेकडेखाऊ कोल्हा त्याच तोडलेल्या रानातनं उलटा वर पनामात आलाय. दोघं एकमेकाला तिथं भेटतायत, माणसानं रस्ता केला म्हणून.

आता मारण्याचं ऐका, कारण आपला वाद त्यावर आहे. 1931 साली अमेरिकेनं कायदाच केला आणि त्याखाली सरकारी खातं उपद्रवी जनावरं मारायला लागलं. स्ट्रिक्निन नावाचं विष घातलं, मग 1080 नावाचं दुसरं काढलं, ते घातलेली मटणं माळावर टाकली. गरुड मेले, कुत्री मेली, खोकड मेली, एवढा बोभाटा झाला की 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सनना सरकारी जमिनीवर हे विष घालायला बंदी करावी लागली. त्यानंतर बंदुका, फास आणि हेलिकॉप्टर. अलीकडच्या काळातसुद्धा त्यांच्या शेती खात्याची एक शाखा वर्षाला साधारण साठ-सत्तर हजार कायोटी मारते, खाजगी शिकारी मारतात ते वेगळेच. एवढं करून जनावर कमी झालं का, तर वर सांगितलं तसं दर दशकाला नवीन राज्यात.

ह्याचं कारण त्याच्या घरात आहे. कायोटी जोडीनं राहतो, आणि जोडी एकदम पक्की. शिकागोत 236 कायोटींचे जीन तपासले तर पोरांच्या बापाबद्दल एकाही घरात गडबड निघाली नाही (माणसांत असली तपासणी कुणी न केलेली बरी). एका इलाख्यात सहसा एकच जोडी वितं, थोरली पोरं घरात राहून धाकट्यांना सांभाळतात आणि परक्याला आत घुसू देत नाहीत. आता तुम्ही ती जोडी मारली. मग काय होतंय, तर घरातली धाकटी जी बिनलग्नाची बसलेली ती सगळी मोकळी सुटतात, एकीच्या जागी दोन माद्या वितात. तोंडं कमी झाल्यामुळं राहिलेल्यांना खायला भरपूर, म्हणून जास्त पिल्लं जगतात. एका वेताला सहा-सहा पिल्लं, आणि शिवाय मोकळ्या झालेल्या जागेवर शेजारच्या इलाख्यातली तरणी येऊन बसतात. म्हणजे शेळीला कधी तोंड न लावणारी जुनी शहाणी जोडी मारून आपण तिथं नवशिकी उपाशी पोरं आणून बसवायची. ह्यालाच म्हणतात रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

मारून कधीच उपयोग नाही असंही मी म्हणणार नाही. एखादं ठराविक जनावर शेळ्या-मेंढरांना सोकावलं तर तेवढं काढलं की फरक पडतो, हे तिकडचे जाणकारही मानतात. सरसकट मारणं मात्र म्हणजे नुसता खर्च.

शहरात तो कसा राहतो हे पण सांगतो. शिकागो म्हणजे लाखोंची वस्ती, तिथं स्टॅनली गेर्ट म्हणून प्राध्यापक 2000 सालापासून कायोटींना रेडिओ कॉलर घालून त्यांच्या मागावर आहेत. दिवसा रेल्वेच्या कडेला, स्मशानात, गोल्फच्या मैदानात झुडपात झोपायचं आणि रात्री निघायचं. गाड्यांचा अंदाज घेऊन रस्ता ओलांडायला शिकलेत, तरी तिथं ते मरतात ते जास्त करून गाड्यांखालीच. त्यांची विष्ठा तपासली तर बारीक उंदीर सगळ्यात जास्त, 42 टक्के नमुन्यांत, मग फळं, हरिण, ससे, आणि ज्या मांजरांसाठी लोक बोंबलत होते ती जेमतेम एक-दीड टक्का. 2007 साली तिथं एक कायोटी भर दुपारी सँडविचच्या दुकानात शिरला आणि कोल्ड्रिंकच्या उघड्या फ्रीजमध्ये बाटल्यांच्या खाली जाऊन गपचीप बसला. गिऱ्हाइकं बाहेर उभी राहून फोटो काढतायत आणि हा आपला गारव्याला बसलाय. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 1999 ला आणि 2006 ला असेच एकेक पकडले.

माणसं मेली का, तर हो. आजवर नोंद झालेल्या घटना दोन, 1981 ला कॅलिफोर्नियात एक लहान मूल आणि 2009 ला कॅनडात एक तरुण गायिका. दोन झाल्या म्हणून हलक्यात घ्यायचं नाही. पण माणसावर धावून जायची धिटाई त्याला येते ती मुख्यतः माणसानंच खायला घालून सवय लावली की, हे तिकडं परत परत दिसलंय.

आता कुणी म्हणेल ते अमेरिकेचं झालं, आपल्याला काय. तर आपला हाच कोल्हा, जो तुमच्या-माझ्या उसात असतो, तो युरोपात नेमकं हेच करतोय. बाल्कन देशांतनं वर सरकत 2013 ला एस्टोनियात, 2015 ला डेन्मार्कमध्ये त्याची पक्की नोंद झाली, आणि आता तर नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला, जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही तिथं पोचलाय. तिथंही हेच, लांडगा मारला, विष घालायचं थांबलं, शेतीचं रान मिळालं, आला. ज्याला बर्फ अडवत नाही त्याला आपला बांध काय अडवणार?

आपल्या जिल्ह्यात जनावरं जागा बदलतात हे काय नवीन राहिलंय? 2002 साली कर्नाटकातनं हत्ती शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले आणि मग आपल्या चंदगड, आजऱ्याच्या लोकांना रात्री डबे वाजवत बसायची पाळी आली. 2021 च्या डिसेंबरात गवा थेट कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठानं फिरत होता, आणि लोक मोबाईल घेऊन त्याच्या मागं पळत होते, त्यात एका पोराचा जीव गेला. प्रत्येक वेळी आपण जनावराला शिव्या घालून मोकळे.

कोल्हा तर नवा आलेला पण नाही, तो इथलाच. वाढला असेल तर तो आपल्या उसामुळं. आडसाली लावण म्हणजे सोळा-अठरा महिने रानाला हात लागत नाही. आत गारवा, पाटाचं पाणी, उंदीर-घुशी मुबलक आणि वर कुणाचा धाक नाही, कारण लांडगा आणि तरस आपल्या भागातनं कधीच हाकलून लावलेत. एवढी सोय यलोस्टोनमध्ये पण नसेल. आणि एक गोष्ट तुमच्या बातमीदारांनी जरूर बघावी, कोल्हं वाढल्याच्या तक्रारी वर्षातनं कधी येतात, तर नोव्हेंबर ते मार्च, बरोबर गळीत हंगामात. टोळ्या आल्या, फड तुटला, पाचट पेटवलं, की इतके दिवस आत असलेली जनावरं उघड्यावर पडतात. चार रात्री बांधानं, रस्त्यानं, वस्तीच्या कडेनं फिरतात, लोकांना वाटतं एकदम पन्नास कोल्ही आली. महापुरात पण असंच झालं, 2019 ला काठचं सगळं रान पाण्याखाली गेल्यावर कोल्ही, साप, उंदीर सगळे एकाच माळावर.

माझ्या बांधावर दगडावर कोल्ह्याची विष्ठा पडलेली असते (हा कुठं करायचं ते पण बघून करतो, मुद्दाम उंच दगडावर, सगळ्यांना दिसेल असं). काडीनं फोडून बघा. उंदराचे केस, बारीक हाडं, बोराच्या बिया, आणि थंडीत कधी उसाचा चोथा. पण अलीकडं त्यात पांढरी पिसं दिसायला लागलीत, आणि ती पिसं माझ्याकडची नाहीत कारण मी कोंबड्या पाळत नाही.

ती येतात ओढ्यातनं. आमच्या भागात पोल्ट्री वाढल्या, चांगली गोष्ट आहे, पोरांना धंदा मिळाला. पण उन्हाळ्यात मर झाली की मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून रात्री ओढ्यात टाकायच्या हा सगळ्यात सोपा मार्ग. पोतं फाटलेलं, त्यातनं पिवळे पाय बाहेर आलेले, वर घोंगावणाऱ्या माशा, आणि बाजूच्या चिखलात एका बाजूला कुत्र्यांचे आणि एका बाजूला कोल्ह्यांचे ठसे. रविवारी मटणाच्या दुकानापुढं आपण रांग लावतो, तांबडा-पांढरा हाणतो, पण त्या दुकानातली आतडी-कातडी सोमवारी कुठल्या नाल्यात जाते हे कुणी विचारत नाही. म्हणजे तिकडचा अनुभव सांगतोय की खायला घालू नका आणि आपण तर पोत्यानं घालतोय.

आणि मला खरी भीती वाटते ती ह्या ओढ्याची. तिथं गावची मोकाट कुत्री आणि कोल्ही एका पोत्यावर भांडतात, चावाचावी होते. 2024 ला मुंबईत चेंबूर भागातल्या कोल्ह्यात रेबीज निघाला. ते इथं झालं तर मग ऊस चावला वगैरे राहू द्या, शेतात खुरपायला जाणाऱ्या बायकांचं काय? त्यावर उपाय कोल्ह्याला गोळी नाही, गावच्या कुत्र्यांना लस आणि ओढा साफ. कोल्ह्याला तसंही 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मारलं तर केस होते, हे ग्रुपवरच्या बंदूकवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

ग्रामपंचायतीनं एवढं करावं की प्रत्येक पोल्ट्रीवाल्याला मेलेल्या पक्ष्यांसाठी खोल खड्डा सक्तीचा करावा, वर चुना आणि माती, आणि ओढ्यात पोतं सापडलं तर दंड. शेळ्यावाल्यांनी रात्री शेळ्या उघड्या दावणीला न बांधता गोठ्यात बंद कराव्यात, दाराखालची फट बुजवावी. फड तोडताना कडेचा एखादा पट्टा शेवटी तोडावा म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते, आणि पिल्लं सापडली तर पोरांनी घरी आणून सेल्फी काढत बसू नये, फॉरेस्टच्या 1926 नंबरला फोन करावा. तुमच्या पेपरनं हा नंबर एकदा चौकटीत छापावा अशी विनंती.

आणि ज्यांना बंदूक चालवायची फारच हौस आहे त्यांनी आधी माझ्या रानातल्या घुशी मारून दाखवाव्यात. कोल्हं रात्रीत जेवढ्या उचलतं तेवढ्या जमल्या तर चहा-नाष्टा माझ्याकडं.

आपला,
एक ऊसवाला शेतकरी
ता. करवीर, जि. कोल्हापूर